संदर्भ सापडला पाहिजे

बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकाकडे लेख पाठवायचा म्हटले की अभ्यासकाची पहिली गाठ पडते ती त्याच्या नियमावलीशी. तळटिपा कुठे द्यायच्या, पाली आणि संस्कृत शब्द कोणत्या पद्धतीने रोमनमध्ये उतरवायचे, चिनी अक्षरे केव्हा छापायची, ग्रंथनामांची संक्षिप्त रूपे कोणती, फॉन्ट कोणता, असे पानेच्या पाने नियम असतात. लेख लिहून हातावेगळा झाला की शेवटच्या दोन दिवसांत उरकायचे काम म्हणून बहुतेक जण त्याकडे पाहतात, आणि ते एखाद्या विद्यार्थ्यावर सोपवून मोकळे होतात. ही समजूत चुकीची आहे. या ज्ञानशाखेत मुद्रणप्रत तयार करणे हा पुरावा मांडण्याचाच भाग आहे. मात्र दोष एकट्या लेखकांचा नाही. आजच्या नियमावल्या जिथे सैल असायला हरकत नाही तिथे कडक आहेत आणि जिथे कडक असायलाच हवे तिथे सैल आहेत.

याचे कारण या विषयाच्या घडणीत आहे. बौद्ध साहित्य पाली, संस्कृत, गांधारी, चिनी आणि तिबेटी अशा अनेक भाषांत पसरलेले आहे. पालीला तर स्वतःची अशी एक लिपी नाही. सिंहली, ब्रह्मी, थाई, ख्मेर, रोमन, देवनागरी अशा लिप्यांत ती लिहिली आणि छापली गेली. त्यामुळे ‘त्रिपिटकात म्हटले आहे’ हे विधान अर्धवटच राहते. महाराष्ट्रातल्या वाचकांना चांगल्या परिचयाचे कालामसुत्त घ्या. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात पाली टेक्स्ट सोसायटीच्या गणनेनुसार ते ६५वे, तर ब्रह्मदेशातल्या छट्ठ संगायनाच्या (सहाव्या धम्मसंगीतीच्या) पाठात ६६वे. सुत्तातल्या गावाचे नाव सोसायटीच्या आवृत्तीत केसपुत्त, ब्रह्मदेशातल्या पाठात केसमुत्त. लेखकाने नुसता ‘अंगुत्तर ३.६५’ असा संदर्भ दिला आणि वाचकाने दुसरी आवृत्ती उघडली, तर त्याच्या हाती शेजारचे सुत्त येते. ‘सोसायटीची आवृत्ती, पहिला खंड, पृष्ठ १८८’ एवढे लिहिले असते तर वाट चुकली नसती. लेखातला सगळा युक्तिवाद ज्या वचनावर उभा आहे ते वचनच वाचकाला सापडत नसेल, तर त्या युक्तिवादाची तपासणी करायची कशी?

ही अडचण आधीच्या पिढ्यांनी नीट ओळखली होती. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली आणि तिच्या आवृत्त्यांचे खंड व पृष्ठांक ही जगभरच्या अभ्यासकांची समान खूण झाली. १८९४ मध्ये जिनिव्हाला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत रोमन लिप्यंतरावर बरीच एकवाक्यता झाली. आजची ठिपक्या-रेघांची पद्धत मुख्यतः तिथून आली. जपानमध्ये १९२४ ते १९३४ या काळात निघालेल्या ताइशो त्रिपिटकाने प्रत्येक ग्रंथाला क्रमांक दिला आणि पानाचे तीन आडवे पट्टे पाडले. त्यामुळे चिनी ग्रंथातली नेमकी ओळसुद्धा दाखवता येते. तिबेटीसाठी टरेल वायली यांनी १९५९ मध्ये साध्या टंकलेखन यंत्रावर चालेल अशी पद्धत मांडली. या परंपरेत गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींचा वाटा मोठा आहे. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले विसुद्धिमग्गाचे संपादन त्यांनी पुरे केले, आणि ते हार्वर्ड प्राच्यमालेत १९५० मध्ये, कोसंबींच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. या आवृत्तीत प्रत्येक प्रकरणातल्या परिच्छेदांना क्रमांक आहेत. भिक्खू ञाणमोली यांच्या १९५६च्या इंग्रजी अनुवादाने तेच क्रमांक घेतले, म्हणून आज मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून हवी ती जागा चटकन काढता येते. नुसत्या क्रमांकांनी दोन भाषांतले वाचक एका जागी आणले.

संदर्भाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे खंडित पाठाची नोंद. १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीकडे खरोष्ठी लिपीतल्या भूर्जपत्रांच्या गुंडाळ्या आल्या. त्यांची ओळख करून देणारा रिचर्ड सॉलोमन यांचा ग्रंथ १९९९ मध्ये निघाला. ही भूर्जपत्रे ठिसूळ, तुटकी आहेत. अशा पाठाच्या प्रकाशनात अस्पष्ट अक्षरे चौकोनी कंसात घालतात, संपादकाने अंदाजाने भरलेली अक्षरे गोल कंसात तारांकन करून देतात आणि पूर्ण नष्ट झालेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी अधिक-चिन्ह ठेवतात. हे कंस नजरेला खुपतात, म्हणून कुणी ते काढून पाठ साफसूफ केला तर काय होईल? संपादकाचा तर्क प्राचीन लेखकाच्या तोंडी जाईल, आणि पुढचा अभ्यासक त्याच तर्काला पुरावा मानून त्यावर इमारत उभारील. कान्हेरी-कार्ल्याच्या लेण्यांतले झिजलेले शिलालेख छापतानाही हाच धोका असतो. कंस टिकवणे ही म्हणूनच प्रामाणिकपणाची बाब आहे.

आता आजच्या नियमावल्यांकडे पाहू. ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत की सरळ, सालानंतर स्वल्पविराम की अपूर्णविराम, टिपा पानाखाली की लेखाअखेरीस, या बाबतींत प्रत्येक नियतकालिकाचा आग्रह निराळा असतो. एकाने लेख नाकारला की दुसऱ्याकडे पाठवताना शेकडो टिपा नव्याने बांधाव्या लागतात. या फेरफाराने वाचकाच्या ज्ञानात तसूभरही भर पडत नाही. उलट, कोणती आवृत्ती वापरली, अवतरण छापील ग्रंथातून घेतले की संगणकीय पाठातून, अनुवाद कुणाचा, हे सांगण्याची सक्ती मात्र कित्येकदा मोघम असते. युनिकोड आल्याने जुन्या खासगी फॉन्टांचा गोंधळ पुष्कळ कमी झाला, पण संपला नाही. पालीतल्या निग्गहीतासाठी (अनुस्वारासाठी) कुणी ‘एम’खाली टिंब देतो, कुणी वर, वाचकाला दोन्ही कळतात, पण साध्या शोधात संगणक त्यांना वेगळी अक्षरे समजतो. कोणतेही एक चालेल, फक्त लेखभर तेच राहावे आणि सुरुवातीला तसे नोंदवावे.

यावर पहिला आक्षेप न्यायाचा आहे. मोठ्या विद्यापीठातल्या अभ्यासकाला ग्रंथालय आणि साहाय्यक मिळतात. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्याला किंवा विहारात राहून लिहिणाऱ्या भिक्खूला ते कुठून मिळणार? मग नियमावली म्हणजे दारावरचा पहारेकरीच नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा रोख सजावटीच्या नियमांवर आहे. लेख पहिल्यांदा पाठवताना कोणतीही एक सुसंगत पद्धत चालावी आणि नियतकालिकाचे रूप स्वीकृतीनंतर द्यावे, असा उपाय काही प्रकाशकांनी स्वीकारलाही आहे. तो सर्वांनी उचलावा. आवृत्ती आणि पृष्ठांक सांगण्याला मात्र पैसा लागत नाही. वाचताना टिपून ठेवण्याची शिस्त लागते. शिवाय साधनहीन अभ्यासकाचे विधान प्रस्थापितांच्या विधानाच्या तोडीस तोड उभे राहते ते याच शिस्तीच्या बळावर.

दुसरा आक्षेप असा की संपूर्ण त्रिपिटक संगणकावर असताना पृष्ठांक हवेत कशाला. शब्द टाकला की जागा सापडते. पण केसमुत्त पाठ असलेल्या संग्रहात केसपुत्त शोधले तर हाती काय लागणार? शोध सफल व्हायला पाठ आधीच माहीत असावा लागतो, आणि पाठभेद हाच तर अनेकदा संशोधनाचा विषय असतो. त्यात आता यंत्राने रचलेल्या लेखनाची भर पडली आहे. असे लेखन नियमांत चोख बसणारे पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ सहज देऊ शकते. तेव्हा देखणी संदर्भसूची ही विश्वासाची खूण उरलेली नाही. प्रत्येक संदर्भ उघडून पाहणे हीच खरी कसोटी आहे.

मराठीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. डॉ. आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये निघाला, तेव्हा त्यात मूळ स्थळांचे संदर्भ नव्हते. ग्रंथ सामान्य वाचकासाठी होता, तेव्हा तो सुटसुटीत असणे स्वाभाविकच. तरी हिंदी अनुवाद करताना भदन्त आनंद कौसल्यायन यांना मूळ पाली स्थळे शोधून काढावी लागली. ग्रंथकाराने कुठे परंपरेचे वचन घेतले आणि कुठे स्वतःचे प्रतिपादन केले, हे त्या शोधामुळेच पाहता येते. आज या ग्रंथावर मराठीत विपुल लिहिले जाते. त्या लिखाणाला तरी मूळ स्थळे देण्याची सवय लागली पाहिजे. काहींचे म्हणणे असे की देवनागरीत पाली जशीच्या तशी उतरते, तेव्हा ही परदेशी शिस्त आपल्याला नको. लिपीबद्दल ते बरोबर आहेत. मराठी लेखात पाली देवनागरीतच असावी. पण लिपी आपली झाल्याने आवृत्ती सांगण्याची जबाबदारी टळत नाही. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदाहून निघालेल्या देवनागरी त्रिपिटकाने समासात रोमन आवृत्तीचे पृष्ठांक दिले; इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या संगणकीय पाठातही वेगवेगळ्या आवृत्त्यांचे पृष्ठांक पाहता येतात. साधने हाताशी आहेत, उणीव आहे ती संपादकीय आग्रहाची.

म्हणून मराठी नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र बसून एका पानाची समान नियमावली ठरवावी. मजकूर युनिकोडमध्ये असावा. प्रत्येक अवतरणाला आवृत्ती, खंड आणि पृष्ठांक असावा, आणि गाथा असेल तर गाथाक्रमांक. अनुवादकाचे नाव द्यावे. अंदाजाने भरलेला पाठ कंसात राहावा. बाकी स्वल्पविरामांचे लेखकाने पाहून घ्यावे. एवढे झाले तर मराठीतला लेख वाचून कोलंबोतला किंवा क्योटोतला अभ्यासक मूळ स्थळापर्यंत पोहोचू शकेल, आणि मराठी वाचकाला लेखकाशी असहमत होण्याचा हक्क पुराव्यानिशी बजावता येईल.