छापखाना सुटला, करारनामा उरला

अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात असताना, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, जवाहरलाल नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रेही त्याच किल्ल्यातली. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट टिकतो आणि ही वर्षे मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजतात. आझाद १९५८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पत्रे २०१९ च्या आरंभी मुक्त झाली. नेहरू १९६४ मध्ये गेले. त्यांचा ग्रंथ १ जानेवारी २०२५ पासून सर्वांचा झाला. आता अहिल्यानगर झालेल्या या शहरातल्या कोणीही आज त्याचे नवे मराठी भाषांतर करून ई-पुस्तक काढावे, हवे तर स्वतःच वाचून ऑडिओबुक करावे. परवानगी कोणाची लागत नाही. एखादे जुने भाषांतर वाचायचे असेल, तर मात्र त्या अनुवादकाचा हक्क अजून जिवंत आहे का, हे पाहावे लागेल. भाषांतराचा कॉपीराइट मूळ ग्रंथाहून वेगळा असतो.

असे बारकावे स्वतः प्रकाशन करणाऱ्या मराठी लेखकाला कोणी सांगत नाही, आणि त्याची खरी अडचण तिथेच आहे.

नगर जिल्ह्याला छपाई नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरातूनच निघाले. पुढे सुमती लांडे यांच्या 'शब्दालय'ने श्रीरामपुरात बसून मराठीतली महत्त्वाची पुस्तके काढली. संगमनेरच्या रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही त्यांपैकीच. पण शब्दालयासारखी संस्था सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बाकीच्यांनी पदरमोड करून काही शे प्रती छापायच्या, प्रकाशन समारंभात निम्म्या भेट द्यायच्या आणि उरलेल्या माळ्यावर ठेवायच्या, हीच रीत होती.

डिजिटल प्रकाशनाने हा खर्च संपवला. पुण्याच्या बुकगंगाने मराठी ई-पुस्तकांना बाजार दिला, ई साहित्य प्रतिष्ठानने ती फुकट वाचकांपर्यंत नेली, आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीने क्रमशः कथेला मोबाइलवर आणले. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी आले. तिथे लेखकाला ३५ किंवा ७० टक्के रॉयल्टी मिळते. छापील पुस्तकावरच्या रॉयल्टीपुढे हा आकडा डोळे दिपवणारा आहे. अट मात्र बारीक अक्षरात आहे. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक किंडलच्या 'केडीपी सिलेक्ट' या योजनेत घालावे लागते, आणि तिथे असेपर्यंत, म्हणजे नव्वद नव्वद दिवसांच्या मुदतीत, तीच डिजिटल आवृत्ती दुसरीकडे विकता येत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर फुकटसुद्धा देता येत नाही.

कराचे गणितही स्वतंत्र लेखकाच्या विरोधात जाते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावरचा कर २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण ही सवलत छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकालाच. म्हणजे छपाई परवडत नाही म्हणून जो डिजिटलकडे वळला, त्याच्याच पुस्तकावर जास्त कर.

साहित्य म्हणून या पिकाचे काय? क्रमशः कथांच्या अ‍ॅपवर प्रेमकथा, भयकथा आणि रहस्यकथांची चलती आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला टांगते ठेवायचे असल्याने प्रसंग फुगतो आणि पात्रे मात्र जागची हलत नाहीत. संपादक नावाचा माणूस या साखळीतून गळाला आहे, आणि ते वाक्यावाक्यात जाणवते. तरीही ज्यांना मासिकांनी कधी दारात उभे केले नसते, अशा तालुक्यांतल्या बायका आणि तरुण नियमित लिहू लागले, ही मिळकत लहान नाही.

ऑडिओबुकांची गोष्ट वेगळी. स्टोरीटेल २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात आले, तेव्हा पहिल्या तीन भाषांत मराठी होती. गाडी चालवताना, स्वयंपाक करताना ऐकणारा मोठा वर्ग त्यातून उभा राहिला. पण स्टुडिओ, वाचक-कलाकार आणि ध्वनिसंपादन यांचा खर्च एकट्या लेखकाला झेपत नाही, म्हणून इथे कंपनीच वरचढ ठरते. आवाजही बहुधा पुणेरी प्रमाणभाषेचा. अकोले तालुक्याच्या डोंगरातली किंवा पाथर्डी-जामखेडकडची बोली कथेत असली, की सफाईदार वाचनात तिचे हेल सपाट होतात. वाचक-कलाकाराची निवड करताना लेखकाला विचारायचे, एवढी साधी अट करारात क्वचितच असते.

खरे तर कायदा लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. वेगळे ठरलेले नसेल आणि घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर तो लेखकाकडे परततो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली: करार करताना जे माध्यम अस्तित्वात वा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते करारात येत नाही. 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' या मोघम ओळीवर सही करणाऱ्याने ही कलमे वाचलेली बरी. पुस्तक वाचून दाखवणाऱ्या कलाकारालाही त्याच्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा वेगळा हक्क असतो, हे ऑडिओ स्वतः काढू पाहणाऱ्या लेखकाने विसरू नये.

चोरीबाबतही कायद्याला दात आहेत. टेलिग्रामवर पीडीएफ वाटणाऱ्या चॅनेलचालकांची माहिती उघड करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. ते प्रकरण शिकवणीच्या पुस्तकांचे होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कॉपीराइटभंग दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरवला. नोंदणी सक्तीची नाही, पण साहित्यकृतीची पाचशे रुपयांत होते आणि तक्रारीच्या वेळी कामाला येते.

कवी संमेलने भरवणाऱ्या स्थानिक संस्थांनी वर्षातला एक दिवस करारवाचनाला दिला, तर नवोदितांचे भले होईल. छापील, ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपट असे पाच रकाने, प्रत्येकापुढे मुदत आणि टक्केवारी, शिवाय संगणकाने तयार केलेल्या आवाजाबद्दल एक वेगळी ओळ, असा मसुदा दोन पानांत मावतो. त्यात मूळ फाइलचेही कलम हवे. जिल्ह्यातली कित्येक पुस्तके जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत आणि त्यांची एकमेव प्रत डीटीपीवाल्याच्या संगणकात पडून आहे. हक्क परत आल्यावरही अशा लेखकाला पुस्तक किंडलवर चढवायचे, तर पुन्हा टाइप करून घ्यावे लागते.