मुलांसाठी सोपा पडदा : सोपा म्हणजे कसा?

लहान मुलांसाठी संगणकाचा पडदा सोपा करून द्यावा, असे पुष्कळ शिक्षकांना वाटते. आमच्या नागपुरात, सक्करदऱ्यातील एका शाळेत तो कसा सोपा केला जातो ते आम्ही पाहिले. बहुतेक चित्रखुणा पुसून टाकलेल्या, दोन-तीनच ठेवलेल्या, बाकी सारे कुलूपबंद. यात मुलाचे काम सोपे झाले की गुरुजींचे?

मुळात हा पडदा मुलांसाठी नव्हताच. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ हा संगणक आणला, तो कचेरीत काम करणाऱ्यांसाठी. टेबल, फोल्डर, टपालाचा ट्रे, सगळी चित्रे कचेरीतली. सक्करदरा तलावाकाठी खेळणाऱ्या सात वर्षांच्या मुलीने फाईलींचे कपाट कुठे पाहिलेले असणार? वहीत काढलेले चित्र वहीत राहतेच; संगणकावर ते मुद्दाम जतन करायचे, त्याला नाव द्यायचे, जागा शोधायची. मूल अडते ते इथे. चार चित्रखुणा कमी केल्याने ही अडचण तसूभरही हलत नाही.

उलट, १९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला, तेव्हा पडदा मुलांसाठी मुद्दाम सोपा केलेला नव्हता. इंग्रजी फारसे न येणाऱ्या मुलांनी बाणाला ‘सुई’ म्हटले, वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’ म्हटले आणि ती पुढे गेली. (यावरून शिक्षकच नकोत असे म्हणणारेही निघाले, ते आम्हाला पटत नाही.)

खरी गाठ सोडवायला घेतली ती ‘शुगर’ने. दर मुलामागे एक लॅपटॉप देऊ पाहणाऱ्या प्रकल्पासाठी हा पडदा तयार झाला. २००७ साली कर्जतजवळच्या खैरात येथील एकशिक्षकी शाळेत असे लॅपटॉप आले. शुगरमध्ये टेबल नाही, फोल्डरही नाही. मध्यभागी मुलाची आकृती, तिच्याभोवती चित्र काढणे, लिहिणे अशी कामे. उघडलेले काम सारा पडदा व्यापते, आणि ते आपोआप रोजनिशीत नोंदले जाते.

ही रोजनिशी आम्हाला शुगरमधील सर्वांत मोलाची कल्पना वाटते. पण ती अर्धीच पार पडली. मुलाने स्वतः नाव दिले नाही, तर प्रत्येक चित्राला त्या कामाचेच नाव लागे. महिनाभरात एकाच नावाच्या नोंदींची रांग, आणि परवाचा बैल शोधायचा तर एकेक उघडून पाहा! नाव देण्याचा त्रास वाचला, शोधण्याचा वाढला. शिवाय बाण कोपऱ्यात गेला की भोवती चौकट उगवे. लहान हाताचा बाण कोपऱ्यात जायचाच.

तरीही तुलना करायची झाली तर आम्ही शुगरच्या बाजूने आहोत. शिक्षकांनी आपल्या शाळेतला पडदा पाहताना चित्रखुणा मोजू नयेत. चुकलेल्या मुलाला मागे फिरता येते का आणि कालचे काम त्याचे त्याला सापडते का, हे पाहावे. आम्ही पाहिलेल्या कुलूपबंद पडद्यावर ते सापडण्याचा प्रश्नच नव्हता. तास संपला, यंत्र बंद झाले, चित्र गेले. दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा कोऱ्या पडद्यापुढे बसली.