गणपतराव बेलवलकरांचे रिकामे हात

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले गणपतराव बेलवलकर पाहून घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी एक बोध पदरात बांधून घेतला : हयातीत सर्वस्व मुलांच्या नावे करू नये. बोध व्यवहाराचा खरा. पण तेवढ्यासाठी एखादा वकीलही पुरला असता.

मला वाटते, गणपतरावांचा घात मुलाच्या घरी सुरू होत नाही. रंगभूमीचा निरोप घेतला, त्याच दिवशी तो सुरू होतो. उद्या सकाळी उठून काय करावयाचे, हा प्रश्न हा थोर नट स्वतःला विचारीतच नाही. इस्टेट मुलांना देतो आणि स्वतःपाशी ठेवतो ती केवळ पाठ असलेली भाषणे. मुले वाईट वागतात हे खरेच. पण ती चांगली वागली असती, तरी गणपतरावांना आरामखुर्ची मिळाली असती, काम नव्हे.

ते खुलतात कोठे, पाहा. नात ठमीशी खेळताना, आणि पुढे रस्त्यावर बूटपॉलिश करणाऱ्या राजाच्या सहवासात. दोन्हीकडे त्यांच्याजवळ देण्यासारखे काही आहे आणि ते घेणारे कोणी आहे. ही वाट नाटककाराने दाखविली, पण तीवर तो फारसा रेंगाळला नाही. अपमानाचे प्रसंग आणि टाळ्यांची स्वगते इतकी प्रभावी उतरली, की रिकाम्या हातांचे दुःख त्यांखाली झाकले गेले. या श्रेष्ठ नाटकातली ही उणीव मला जाणवते.

याउलट धोंडो केशव कर्व्यांचे चरित्र पाहावे. १९१४ साली ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. १९१६ साली, ५८ वर्षांचे असताना, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. आणि १९३६ साली, पाऊणशे वर्षे उलटल्यावर, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापिले. गणित शिकविणे थांबले, शिक्षकपण थांबले नाही.

सर्वांनाच अण्णासाहेब होता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. शेजारच्या दोन मुलांचे पाढे घ्यावेत, वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालावेत, एवढेही पुरते. शोकांतिकेने असले सल्ले द्यावेत, असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यातून काय घ्यावे, हे प्रेक्षकाच्या हाती असते.

या दिवाळीत घरच्या आजोबांना नवी शाल अवश्य द्यावी. पण फराळ आटोपल्यावर, त्यांना येते आणि आपल्याला येत नाही असे काहीतरी त्यांच्यापाशी बसून शिकूनही घ्यावे.