पांढरी जागा वाचताना

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) पहिल्या वर्षाची मुलं खादीच्या कपड्यांत सूक्ष्मदर्शकावर वाकतात, तेव्हा फुफ्फुसाच्या काचपट्टीवर आधी दिसतो तो रंग. जांभळा आणि गुलाबी. जांभळा म्हणजे हिमॅटॉक्सिलिन. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून तो निघतो आणि पेशीच्या केंद्रकाला धरून राहावा म्हणून त्यात बहुधा तुरटी घालतात. खादीला झाडापानांचा रंग चढवणाऱ्याला तुरटीचं हे काम नव्यानं सांगावं लागत नाही.

श्वासनलिकेचा छेद पहिल्या नजरेला चकवतो. केंद्रकं खालीवर, जणू तीन-चार थर रचलेत. खरं तर थर एकच. प्रत्येक पेशीचा पाय तळाच्या पडद्याला टेकलेला, उंची तेवढी कमीजास्त. वरच्या काठावर बारीक रोम. जिवंतपणी ते सेकंदाला दहा-वीस फटकारे मारत कफात अडकलेली धूळ घशाकडे लोटतात. पट्टीवर मात्र निमूट उभे. ही उणीव मला दर वेळी खटकते.

पुढे नळीला फाटे फुटत जातात, सुमारे तेवीस वेळा. कूर्चा संपते, ग्रंथी संपतात आणि पट्टी पांढरी पडू लागते. नवखा वाचक इथं कंटाळतो. माझ्या मते खरा रस इथंच आहे. हे पांढरं म्हणजे वायुकोश: दोन्ही फुफ्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी, एकेक जेमतेम ०.२ मिलिमीटरचा. दोन शेजाऱ्यांत भिंत सामाईक, तिच्यातच केशवाहिनी, आणि ती इतकी अरुंद की तांबड्या पेशींनी एकामागे एक जावं. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा पातळ जागी एका मायक्रॉनहूनही कमी. भिंतीच्या कोपऱ्यात गुबगुबीत पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या स्रावामुळेच श्वास सोडताना हे कोश मिटून चिकटत नाहीत.

मधूनच एखादी काळे कण गिळलेली भक्षकपेशी दिसते. शेगडीचा, बिडीचा, रस्त्याचा धूर पट्टीवर असा नोंदला जातो. कोळशाच्या खाणीतलं आयुष्य तर तिथं काळ्या शाईनं लिहिलेलं असतं.

पण वर्धा जिल्हा कापसाचा. गिरणीत कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बिसिनोसिस होतो: सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, पुढे आठवडाभर हळूहळू सैल होते. त्याची खात्रीची खूण या काचपट्टीवर सापडत नाही. श्लेष्मग्रंथी वाढलेल्या दिसतील, पण त्या बिडी ओढणाऱ्याच्याही वाढतात. म्हणून हिंगणघाट-पुलगावकडचा कोणी सूतगिरणी कामगार दम लागतो म्हणून आला, तर डॉक्टरांनी त्याला आधी विचारावं: सुट्टी कोणत्या वारी असते, आणि छाती कोणत्या वारी भरते?