उल्लेख किती आणि शोध कोणता?

शनिवार पेठेत शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीत मेंदूविकारांवर काम करणाऱ्या एका संशोधकाचे परिचयपत्र आमच्या हाती आले. त्यात तीन आकडे ठळक छापले होते: शोधनिबंध किती, त्यांचे उल्लेख किती आणि एच-निर्देशांक किती. बारावीच्या एका विद्यार्थिनीने ते वाचले आणि विचारले, "पण सर, यांनी शोधलं काय?" पत्रात त्याचे उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नातून लिहिला आहे.

प्रथम हे आकडे येतात कुठून ते पाहू. शोधनिबंधाच्या शेवटी लेखक आधीच्या कामांची यादी देतो. आपला निबंध अशा जितक्या याद्यांत येईल तितके आपले उल्लेख. वकिलांकडे एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोठे घेतला गेला हे सांगणारी सूची असते. त्याच धर्तीवर विज्ञानासाठी सूची करावी, असे यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९५५ मध्ये सुचवले आणि १९६० नंतरच्या दशकात ती प्रत्यक्षात आणली. हेतू होता माहिती शोधण्याचा. माणसे मोजण्याचे काम तिच्याकडे नंतर आले.

एच-निर्देशांक हा २००५ मधला. तो हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. कोणाच्या पाच निबंधांना ४०, १२, ५, ४ आणि २ उल्लेख असतील तर त्याचा निर्देशांक ४, कारण चार निबंधांना किमान चार-चार उल्लेख आहेत. ज्याचे तीनच निबंध आहेत आणि उल्लेख ५००, ३ व १ आहेत, त्याचा निर्देशांक फक्त २. पाचशे उल्लेखांचा तो निबंध या मापात जवळजवळ दिसतच नाही. हे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे.

आता हे माप एका खऱ्या संशोधकाला लावून पाहू. डॉ. नोशीर वाडिया (१९२५-२०१६) यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयात १९५७ मध्ये मज्जाविकार विभाग सुरू केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे तीन वेगवेगळ्या जातींचे काम घेऊ.

पहिले १९६७ चे, 'ब्रेन' या नियतकालिकातले. मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा जन्मतःच सदोष असेल तर मज्जारज्जूवर दाब येतो आणि हातपाय दुबळे होत जातात. अशा २८ रुग्णांचा हा अभ्यास होता. एखाद्या विकारावर जगात किती लोक संशोधन करतात यावर त्याच्या निबंधाचे उल्लेख ठरतात. त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णांना उपयोगी निबंधाला युरोप-अमेरिकेत गाजणाऱ्या विषयाइतके उल्लेख मिळतीलच असे नाही.

दुसरे काम साथीचे. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. बंगालमध्ये तिला लोकांनी 'जय बांगला' असे नाव दिले होते. डोळे आठवड्याभरात बरे होत, पण पुढे काही प्रौढ रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले. डोळे आणि पाय यांचा संबंध कोण जोडणार? वाडिया, इराणी आणि कत्रक यांनी तो जोडला आणि १९७२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. साथ ओसरली की तिच्यावरचे लेखनही ओसरते आणि उल्लेख आटतात. पण अशा सूचनेचे मोल ती वेळेवर मिळण्यात असते.

तिसरे काम सर्वांत बोलके आहे. वाचताना शेजाऱ्याचे डोळे पाहा. ते ओळीवरून सरकत नाहीत, शब्दाशब्दावर झटकन उडी मारतात. वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांतील एक आनुवंशिक विकार वर्णन केला. रुग्णांचा तोल जाई, बोलणे अडखळे, आणि डोळ्यांची ही उडी विलक्षण संथ झालेली असे. अशा विकारांच्या गर्दीतून हा वेगळा आहे, असे त्यांनी केवळ निरीक्षणावर सांगितले. १९९६ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे एक जनुक शोधले. त्यातील तीन अक्षरांचा एक तुकडा सामान्यतः २२च्या आसपास वेळा येतो. तो ३३ किंवा अधिक वेळा आला की हा विकार होतो. आज त्याला एससीए-२ म्हणतात.

निरीक्षण आणि जनुक यांत २५ वर्षांचे अंतर आहे. नियतकालिकांचा 'प्रभावांक' मात्र मागील दोनच वर्षांतल्या निबंधांचे उल्लेख मोजतो. दोन वर्षांच्या फूटपट्टीने पंचवीस वर्षांचे काम कसे मोजणार? शिवाय प्रभावांक हे नियतकालिकाचे माप आहे, त्यात लिहिणाऱ्या माणसाचे नव्हे.

उल्लेख निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. एखादी कल्पना कोठून कोठे गेली हे शोधायला त्यांच्याइतके चांगले साधन नाही. पण सर्वाधिक उल्लेख म्हणजे सर्वांत मोठा शोध नव्हे. जगात सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध लाउरी व सहकाऱ्यांचा, १९५१ चा, प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा आहे. २०१४ च्या एका मोजणीत त्याचे उल्लेख तीन लाखांवर भरले, आणि डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन-क्रिक यांचा निबंध पहिल्या शंभरातही नव्हता. अप्पा बळवंत चौकात गाइडे धडाधड खपतात, म्हणून गाइडकर्त्याला आपण मोठा गणिती म्हणत नाही.

आमची खरी तक्रार पुढे आहे. आकड्यावर बढती ठरू लागली की माणसे आकडा पिकवू लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी गुणांकन आणले. त्यानंतर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आयोगाची मान्यताप्राप्त यादी तपासली. विद्यापीठांनी सुचवलेली आणि इतर सूचींत नसलेली जी नियतकालिके त्यांनी पाहिली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. यात तोटा होतो तो प्रामाणिकपणे सावकाश काम करणाऱ्याचा, आणि त्याच्याकडे पाहून संशोधनात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचा.

वाडियांनी उभा केलेला विभाग आणि तिथे शिकलेले डॉक्टर कोणत्याही उल्लेखसूचीत मोजले जात नाहीत. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. त्यांचेही सर्वांत चांगले काम कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

शाळेत एक उपक्रम करून पाहा. विद्यार्थ्यांना कोणत्याही एका संशोधकाचा एकच निबंध किंवा त्याचा सोपा सारांश द्या आणि चार प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगा: प्रश्न काय होता? पाहिले काय? किती जणांत पाहिले? आणि पुढे ते कोणाच्या उपयोगी पडले? वाडिया-स्वामी यांच्या निबंधासाठी ही उत्तरे पाच-सहा ओळींत मावतात. परिचयपत्रात आकड्यांच्या जागी त्या ओळी असत्या, तर त्या विद्यार्थिनीला प्रश्न विचारावाच लागला नसता.