‘आणि’ या शब्दाचे मोल

कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर १९९२ साली ‘द व्हॅलर अँड द हॉरर’, म्हणजे ‘शौर्य आणि भीषणता’, ही चित्रमालिका झळकली आणि त्या देशात वादळ उठले. मॅकेन्ना बंधूंच्या या मालिकेचा एक भाग दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनच्या बाँबफेकी दलावर व त्यात लढलेल्या कॅनेडियन तरुणांवर आहे. पोरे शूर होती. पण शहरेच जाळायची आहेत, हे सत्य वरिष्ठांनी त्यांच्यापासून लपविले, असे तो सांगतो. माजी सैनिक संतापले. प्रकरण सिनेटच्या उपसमितीपुढे गेले.

त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. त्या दलात सुमारे १०,००० कॅनेडियन कामास आले. माझी तक्रार मात्र निराळी. शौर्य पोरांच्या पदरात आणि भीषणता सेनापतींच्या माथी, अशी वाटणी करून चित्रपट मोकळा होतो. ही वाटणी, वाचकहो, विमानातल्या नेमबाजापुढे टिकत नाही. विमानाच्या नाकाशी, काचेवर तो पालथा पडलेला असे. खाली पेटते शहर, भोवती फुटणारे तोफगोळे. ‘डावीकडे, आता स्थिर’ असे वैमानिकाला सांगत तो कळ दाबी. तरी पळता येत नसे. नेम कुठे लागला याचे छायाचित्र निघेपर्यंत विमान सरळच न्यावे लागे. ते क्षण सोसणे हे शौर्य. छायाचित्रात उमटे ती भीषणता. दोन्ही एकाच माणसाच्या पदरची.

मालिकेच्या नावातला ‘आणि’ खरा होता. चित्रपटाने तो पाळला असता, तर तो थोर ठरला असता.