चेसिस नसलेल्या गाड्या

२०१० साली लॉस एंजेलिसच्या मोटार प्रदर्शनातल्या डिझाइन स्पर्धेचा विषय होता हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४५४ किलोंच्या आत बसणारी गाडी. स्पर्धक विद्यार्थी नव्हते, बड्या कंपन्यांचे पगारी स्टुडिओ होते. मर्सिडीजने ‘बायोम’ मांडली. ही गाडी म्हणे कारखान्यात बनत नाही, रोपवाटिकेत बियांपासून उगवते. स्मार्टची ‘४५४’ तर कार्बनच्या धाग्यांनी विणलेली, आणि विणणार कोण, तर ‘ग्रॅनी’ नावाचे यंत्रमानव! गंमत म्हणून वाचायला झकास. पण मोटारीचं वजन उतरवणं हे या धंद्यातलं सर्वांत जिकिरीचं काम. पत्र्याची जाडी आणि खुर्चीचा फोम यांवरून वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्या कंपन्यांनीच हा प्रश्न बियाण्यावर सोपवून द्यावा, याला कल्पनाशक्ती म्हणायचं की कामचुकारपणा?

मोटार डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना आता तोटा नाही, त्यांतल्या चित्रांच्या देखणेपणालाही नाही. पण स्पर्धेतली गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांचं नातं पातळ होत गेलं आहे, आणि त्याला भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा विषय देणारे आणि निकाल लावणारे जास्त जबाबदार आहेत.

स्पर्धेतलं कुठलंही नेहमीचं रेंडरिंग जवळून पाहा. गाडी समोरच्या कोपऱ्यातून दिसते, बघणाऱ्याचा डोळा जवळजवळ जमिनीला टेकलेला. चाकं कमरेइतकी उंच, टायरचं रबर जेमतेम बोटभर, काचा म्हणजे नुसत्या फटी. आरसे नाहीत, वायपर नाहीत, नंबरप्लेटला जागा नाही. दार कुठून उघडतं ते कळत नाही. आत माणूस बसवायचा तर त्याला आडवं निजवावं लागेल. स्केचमध्ये अतिशयोक्ती हवीच, त्याशिवाय कल्पनेला जोर चढत नाही. पण पूर्वी हे स्केच पहिली पायरी होतं. पुढे क्ले मॉडेल आलं की माती त्याला जमिनीवर आणायची. आता पुष्कळदा बक्षीस पहिल्या पायरीवरच मिळतं.

प्यूजोची स्पर्धा त्या मानाने प्रामाणिक होती. जिंकलेल्या चित्राची पूर्ण आकाराची गाडी कंपनी स्वतः बनवून मोठ्या प्रदर्शनात ठेवायची. शिवाय दार सर्वांना उघडं. विजेत्यांपैकी मार्को लुकोविच हा सर्बियाचा, आंद्रे कोस्टा पोर्तुगालचा, मिहाई पानाइतेस्कू रुमानियाचा आणि कार्लोस आर्तुरो तोर्रेस कोलंबियाचा. ज्या गावांत मोटार कंपनीचा स्टुडिओ नाही तिथल्या मुलांना थेट फ्रेंच कंपनीसमोर उभं राहता आलं, हे श्रेय निर्विवाद. पण पहिल्याच फेरीचा विषय पाहा: २०२० सालची प्यूजो. लुकोविचची ‘मूनस्टर’ २००१ मध्ये लोकांसमोर आली. नावाला जागून ती चंद्रावर उतरवायच्या वाहनासारखी होती. प्रत्यक्ष २०२० मध्ये युरोपातली वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरली प्यूजोचीच ‘२०८’: पाच दारं, पुढे बॉनेट, मागे डिकी. विजेवर चालणारी ‘२०८’ही निघाली होती, पण पेट्रोलच्या भावंडापासून ती वेगळी ओळखायला जवळ जावं लागे. विद्यार्थ्याने भविष्य अचूक सांगावं अशी अपेक्षा नाहीच. खटकतं ते हे, की भविष्य म्हणजे केवळ आकार असं त्या विषयानेच त्याला शिकवलं.

याहून जुना एक नमुना अमेरिकेतला. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. सुरुवातीला काम एकच, नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची छोटी प्रतिकृती. लाकूड तासायचं, धातू घडवायचा, आतली गादी शिवायची, दारं उघडझाप करणारी हवीत. पुढे बग्गीच्या जागी स्वप्नातल्या मोटारीचं मॉडेल आलं आणि १९६८ पर्यंत हे चाललं. यात मुलींना प्रवेश नव्हता, आणि कंपनीचा स्वार्थ तर उघडच होता, हातात कसब असलेली पोरं हेरायची. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. पण काम हातात धरून तपासता येत होतं. सांधा सुटा असला तर तो दिसायचा.

माझ्या मते या प्रकारातलं सर्वोत्तम उदाहरण १९६२ चं. स्वित्झर्लंडहून निघणाऱ्या ‘ऑटोमोबाइल इयर’ या वार्षिकाने स्पर्धा घेतली. जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन विद्यालयातले पिओ मान्झू आणि त्याचे साथीदार जिंकले, आणि त्यांची गाडी पिनिनफारिनाने ऑस्टिन-हीली ३००० च्या चेसिसवर बांधली. म्हणजे सहा सिलिंडरचं लांब इंजिन, चाकांमधलं अंतर, चालकाची बैठक, सगळं आधीच ठरलेलं. त्या बंधनात मुलांनी उगाच रेषा न मारता, भरपूर काच असलेली शांत कूपे काढली. मान्झूने पुढे फियाटसाठी ‘१२७’ आखली. १९६९ मध्ये ट्युरिनकडे जाताना अपघातात तो गेला तेव्हा जेमतेम तीस वर्षांचा होता. १९७१ मध्ये बाजारात आलेली ‘१२७’ पुढच्या वर्षी युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. लहान बाहेरून, ऐसपैस आतून. माणसांपासून सुरुवात करायची उल्मची सवय तिच्यात दिसते.

फेरारीने २०११ मध्ये आपल्या स्पर्धेसाठी पन्नास डिझाइन संस्थांना आमंत्रण दिलं, पण शेवटच्या फेरीतल्या सात संस्थांना एक-चतुर्थांश आकाराची मॉडेलं करायला लावली. सोलच्या होंगिक विद्यापीठाची ‘एतेर्निता’ पहिली आली. विषय चैनीचा, पण अट योग्य.

आपल्याकडे आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन केंद्र १९६९ पासून आहे, पुण्यात तर मोटारीच्या कारखान्यांसोबत डिझाइनच्या शाळाही उभ्या राहिल्या. इथली मुलं याच स्पर्धांच्या चष्म्यातून शिकतात याची मला थोडी धास्ती वाटते. याच पुण्यात टाटांनी तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांशी बोलून ‘एस’ आखली आणि २००५ मध्ये आणली. लोकांनी तिचं नाव छोटा हाथी ठेवलं. चपट्या तोंडाची, बारक्या चाकांची ती गाडी कुठल्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच चाळणीत गळली असती. सगळा दोष परीक्षकांना देता येणार नाही. माल किती मावतो, गल्लीत वळते का, रस्त्याकडेच्या मिस्त्रीला खोलता येते का, यासाठी प्रवेशिकेत रकानाच नसतो.